काळी पाचमधला चक बेरी

एका मुलाने विचारलंय: "मी दोन वर्षं गिटार शिकतोय. सर म्हणाले, चक बेरी ऐक, 1950 च्या दशकातला अमेरिकन रॉक अँड रोल गायक-गिटारवाला. ऐकला. निम्मी गाणी एकाच सुरावटीने सुरू होतात, तीन कॉर्डमध्ये संपतात. आमच्या क्लासमधला कुणीही त्याच्यापेक्षा जलद वाजवतो. मग रोलिंग स्टोन्सच्या कीथ रिचर्ड्ससारखी माणसं त्याचं नाव घेताना कानाला हात का लावतात? आणि तो स्वतःचा बँड न घेता, तालीम न करता गावोगाव फिरायचा, हे खरं का?"

दुसरं खरं आहे. पहिल्याला जरा वेळ लागेल, चहा घेऊन बस.

मी 27 वर्षं भाड्याने गिटार वाजवतोय. भाड्याने म्हणजे बँड माझा नसतो, गाणी माझी नसतात, पुष्कळदा अँपसुद्धा माझा नसतो. गणपती-नवरात्रातले ऑर्केस्ट्रे, रिसेप्शनं, दोन-तीन गायकांबरोबरचे दौरे आणि मधली काही वर्षं क्रूझवरचे शोबँड. आयुष्यभर कुणाच्या तरी मागे उभा राहून वाजवलं. मागे उभ्या असलेल्याला पुढच्याचे पाय आधी दिसतात, चेहरा नंतर. चक बेरीबद्दल मी जे सांगणार ते तिथून दिसलेलं आहे.

तुझी तक्रार मी स्वतः केलेली आहे, आणि करताना पकडला गेलोय. 2004 साल, माझं पहिलंच जहाज. आठवड्यातून एक रात्र जुन्या रॉक अँड रोलची असायची. प्रवासी बहुतेक सत्तरीचे अमेरिकन, आणि 'जॉनी बी. गुड' वाजवल्याशिवाय ती मंडळी झोपायला जायची नाहीत. मला ते गाणं कॉलेजपासून येत होतं. मी ते ए मध्ये, आपल्या भाषेत पांढरी सहात, वाजवायचो. का, तर ए मध्ये खालच्या तारा रिकाम्या मिळतात. दुसऱ्या फ्रेटवर, म्हणजे गिटारच्या दांडीवरच्या दुसऱ्या घरात, एक बोट, चौथ्यावर दुसरं, झालं काम. डावा हात जवळजवळ सुट्टीवर.

पियानोवर मडगावचे एक साठीचे गृहस्थ होते. सगळे त्यांना मास्टर म्हणायचे. पहिल्या तालमीला मी सुरुवात करणार तोच त्यांनी माझ्याकडे बघत दोन बोटं जमिनीकडे दाखवली. आमच्या धंद्यातली ही खूण आहे: दोन बोटं खाली म्हणजे बी फ्लॅट, तीन खाली म्हणजे ई फ्लॅट. मी म्हटलं, "मास्टर, हे ए मध्ये आहे ना?" ते म्हणाले, "तुझ्या कॉलेजात असेल. रेकॉर्डवर बी फ्लॅट आहे. काळी पाच."

आता गिटार घे आणि करून बघ. बी फ्लॅटला रिकामी तार मिळत नाही. सहाव्या तारेच्या सहाव्या फ्रेटवर तर्जनी, पाचव्या तारेच्या आठव्या फ्रेटवर अनामिका, आणि दर दुसऱ्या ठोक्याला करंगळी ताणून दहाव्या फ्रेटवर. तर्जनी जागची हलवायची नाही. हे अडीच मिनिटं, गाण्याच्या वेगात. मी त्या दिवशी दुसऱ्या कडव्यापर्यंत तग धरला. मनगटापासून कोपरापर्यंत आग झाली, करंगळी नवव्या फ्रेटवरच लटकायला लागली. मास्टर वाजवता वाजवताच म्हणाले, "दुखतंय? आता हेच गाता गाता कर. मग एका पायावर उड्या मारत कर."

त्या रात्री केबिनमध्ये मी मूळ रेकॉर्ड पहिल्यांदा नीट ऐकली. आधी शेकडो वेळा कानावरून गेली होती, तेवढंच.

रेकॉर्ड 1958 ची, शिकागोच्या चेस कंपनीची. सुरुवातीची गिटार सगळ्यांना पाठ असते, ती क्षणभर बाजूला ठेव. ड्रमवर फ्रेड बिलो आहे आणि बासवर विली डिक्सन. बिलो झुलता वाजवतोय. आपल्या ढोलकीवाल्याला हे समजवायचं तर मी म्हणतो, केरवाच धर, पण मात्रेचे दोन तुकडे करू नकोस, तीन कर आणि मधला गाळ. म्हणजे खेमट्याचं अंग येतं. पियानोही त्याच झोक्यावर. आणि चकची गिटार? ती सरळ चालते. सारखे, सपाट, एकामागोमाग एक आठ ठोके. तिघे-चौघे झोक्यावर आणि एकटा माणूस सरळ रेषेत. कागदावर हे चुकीचं आहे. आपल्या ऑर्केस्ट्रात कुणी असं वाजवलं तर रिदमवाला वळून बघेल. पण रेकॉर्डवर नेमकं या दोन चालींच्या घासण्यातून ते निघतं, ज्याने पाय हलतो. पुढच्या दहा वर्षांत रॉकच्या बहुतेक ड्रमरनी चकची सरळ चाल उचलली आणि झोका सोडून दिला. आज जो रॉकचा ठोका आपल्याला साधा, जन्मजात वाटतो, तो तसा व्हायला लागला तो या रेकॉर्डींच्या आसपास. म्हणून तू जलद वाजवतोस, सरळ वाजवतोस, आणि तरी ते चक बेरीसारखं लागत नाही. तुझ्याशी भांडायला मागे बिलो नाही.

राहिली ती सुरुवातीची सुरावट. ती त्याची नाहीच. 1946 मध्ये लुई जॉर्डनच्या बँडमधल्या कार्ल होगन नावाच्या गिटारवाल्याने ती एका गाण्याच्या तोंडाला वाजवून ठेवली होती. दोन तारा एकाच बोटाखाली दाबून एकदम छेडायची सवय टी-बोन वॉकर या ब्लूज गिटारवाल्याची. चकने हे कधी लपवलं नाही. पण होगनकडे ती सुरावट म्हणजे दारावरचं तोरण होतं, गाणं सुरू झालं की तिचं काम संपलं. चकने तिला घरात घेतलं. तो एक ओळ गातो, गिटार तिचा शेवट उचलून उत्तर देते, तो पुढची ओळ गातो. कीर्तनात किंवा नाट्यपदात पेटीवाला गायकाच्या मागे जागा भरतो ना, तसं. फरक एवढाच की इथे गायक आणि पेटीवाला एकच माणूस आहे. ओळ लिहितानाच त्याने उत्तरासाठी जागा सोडलेली असते. तुझ्या क्लासमधल्या जलद वाजवणाऱ्या पोराला एकदा हे विचार: गाता गाता, शब्द न चुकवता, जागा भरता येतात का?

आता काळी पाच. गिटारवाला माणूस आपणहून बी फ्लॅट, ई फ्लॅट कशाला निवडेल? त्याला ई आणि ए सोयीचे. या पट्ट्या सॅक्सोफोनच्या आणि पियानोच्या. यामागे एक माणूस आहे आणि त्याच्याबद्दल थोडं जास्त बोलणार आहे, कारण तो माझ्या जातीचा, म्हणजे मागे उभा राहणारा.

सेंट लुईसच्या समोर, मिसिसिपीच्या पलीकडच्या काठाला, ईस्ट सेंट लुईस नावाचं गाव आहे. तिथल्या कॉस्मोपॉलिटन क्लबमध्ये जॉनी जॉन्सन नावाच्या पियानोवाल्याचं त्रिकूट वाजवायचं. 1952 च्या 31 डिसेंबरला त्याचा सॅक्सोफोनवाला आजारी पडला. थर्टी फर्स्टची रात्र, ऐनवेळी माणूस मिळेना. आपल्यालाही हा अनुभव आहे, अशा वेळी जो रिकामा असतो तो बोलावला जातो. बोलावला गेला चक बेरी. वय 26. मोटारींच्या कारखान्यात काम केलेलं, केशसौंदर्याचा रीतसर अभ्यासक्रम केलेला, त्याआधी दरोड्यासाठी सुधारगृहात तीन वर्षं काढलेली. एका रात्रीपुरता आला आणि बँड त्याचा झाला.

क्लबमधला श्रोता काळा, ब्लूज ऐकणारा. चक मध्येच गोऱ्या शेतकऱ्यांची कंट्री गाणी टाकायचा. लोक आधी हसले, मग नाचायला लागले, मग 'हा काळा खेडूत कोण' ते बघायला गोरेही येऊ लागले. 1955 च्या मे महिन्यात तो शिकागोला गेला, ब्लूज गायक मडी वॉटर्सला भेटला, वॉटर्सने चेस कंपनीच्या लिओनार्ड चेसचं नाव सुचवलं. चकला वाटत होतं आपला ब्लूज त्यांना आवडेल. चेसला आवडलं ते 'आयडा रेड' या जुन्या कंट्री गाण्यावर बेतलेलं धावतं गाणं. त्याचं 'मेबलीन' झालं, 21 मेला रेकॉर्ड झालं, आणि काळ्या संगीताच्या यादीत पहिलं, सर्वसाधारण यादीत पाचवं आलं. त्यावर पियानो जॉन्सनचा. नंतरच्या कितीतरी गाण्यांवर त्याचाच.

जॉन्सनला नोटेशन वाचता येत नव्हतं. कानाने वाजवायचा. चक शब्द घेऊन यायचा, दोघं बसायचे, जॉन्सन चाल पियानोवर बसवायचा आणि चक ती बोटांनी गिटारवर उतरवायचा. म्हणून पट्टी पियानोची. ही कीथ रिचर्ड्सची मांडणी. तो म्हणतो, गाण्यांचा अर्धा जीव जॉन्सनचा. काही अभ्यासक म्हणतात, तसं नाही, टी-बोन आणि होगनही सॅक्सोफोनवाल्यांबरोबरच वाजवायचे, चकला त्या पट्ट्या आधीपासूनच सवयीच्या. मला विचारशील तर शब्द आणि गिटार चकची, गादी जॉन्सनची. गादीवर बसणाऱ्याने गादीवाल्याला काहीतरी द्यायला हवं होतं. गाण्यांवर नाव एकट्या चकचं. 1980 च्या दशकात कीथने शोधलं तेव्हा जॉन्सन सेंट लुईसमध्ये म्हाताऱ्या माणसांची ने-आण करणारी बस चालवत होता. 2000 साली त्याने हक्कासाठी दावा लावला, 2002 मध्ये तो फेटाळला गेला, मुद्द्यावर नव्हे, फार उशीर झाला म्हणून. 'जॉनी बी. गुड'मधलं जॉनी हे नाव जॉन्सनवरून सुचलं, असं चक सांगायचा. नाव दिलं, वाटा नाही दिला. 'गुड' मात्र गोड आहे: सेंट लुईसमध्ये चक ज्या घरात जन्मला ते घर गुड ॲव्हेन्यूवर होतं.

इथे एक आडवळण घेतो. 1977 मध्ये नासाने दोन व्हॉयेजर यानं सोडली, त्यांत पृथ्वीवरच्या आवाजांची सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी आहे. त्या तबकडीवर रॉक अँड रोलचं एकच गाणं आहे, 'जॉनी बी. गुड'. आणि भारतातलंही एकच गाणं, केसरबाई केरकरांची भैरवी, 'जात कहां हो'. केसरबाई गोव्यात फोंड्याजवळच्या केरीच्या. दुसरं यान 5 सप्टेंबरला उडालं, बाई 16 सप्टेंबरला गेल्या. मास्टरना हे सांगितलं तेव्हा ते इतके खूश झाले की त्या रात्री मधल्या सुट्टीत त्यांनी पियानोवर भैरवी छेडली. बारवाल्याने येऊन विचारलं, "सगळं ठीक ना?"

शब्दांकडे वळतो, कारण गिटारवाले लोक शब्द ऐकतच नाहीत. चक तिशीत होता आणि शाळेतल्या पोरांची गाणी लिहीत होता: घंटा, डबा, तीन वाजता सुटका, ज्यूकबॉक्समध्ये नाणं. उच्चार लख्ख, एकही अक्षर गिळलेलं नाही. नॅट किंग कोल त्याचा आवडता गायक होता, ते कळतं. 'मेम्फिस, टेनेसी' ऐक. एक माणूस ट्रंक कॉल लावायला टेलिफोन ऑपरेटरला गळ घालतोय, मरीशी बोलायचंय, नंबर माहीत नाही. आपण समजतो प्रेयसी असेल. शेवटच्या कडव्यात कळतं की मरी सहा वर्षांची आहे, त्याची मुलगी, आईने वेगळं केलेली. दोन मिनिटांचं गाणं आणि दोन कॉर्ड. तू तीन म्हणून तक्रार करत होतास.

आणि 'प्रॉमिस्ड लँड'. व्हर्जिनियातल्या नॉरफोकहून एक पोरगा कॅलिफोर्नियाला निघतो. आधी बस, ती बंद पडते, मग रेल्वे, मग विमान. गावामागून गाव येतं. हे गाणं त्याने तुरुंगात लिहिलं. रस्ता बिनचूक हवा म्हणून त्याने नकाशांचं पुस्तक मागितलं, आणि कैद्याला नकाशा द्यायचा की नाही याची तुरुंगवाल्यांना पंचाईत पडली. जो माणूस वर्षानुवर्षं स्वतः गाडी हाकत गावं पालथी घालत होता त्याला कोठडीत बसून ती गावं ओळीने आठवावी लागली. मी दौऱ्यावर असलो की सोलापूर ते नागपूर रात्रीच्या बसमध्ये हे एकच गाणं ऐकतो.

आता तुझा दुसरा प्रश्न. 1960 च्या दशकापासून चकची पद्धत ठरलेली होती. गिटारची पेटी घेऊन एकटा यायचा, बऱ्याचदा विमानतळावरून स्वतःच भाड्याची गाडी चालवत. करारात लिहिलेलं असायचं की दोन फेंडर ड्युअल शोमन अँप आयोजकाने द्यायचे आणि स्थानिक बँडही आयोजकानेच उभा करायचा. पैसे आधी, रोख. आपल्याकडे ऑर्केस्ट्रावाले अर्धी सुपारी आधी घेतात आणि उरलेल्या अर्ध्यासाठी पडदा पडल्यावर मंडपाच्या मागे फिरतात. हा पूर्ण सुपारी मोजून घेतल्याशिवाय स्टेजवर पाऊल टाकत नसे.

लोक याला हावरटपणा म्हणतात. 'मेबलीन'च्या रेकॉर्डवर गीतकार म्हणून तीन नावं छापली होती: चक, रेडिओवरचा ॲलन फ्रीड आणि चेसच्या ओळखीतला रस फ्रॅटो. उरलेल्या दोघांनी त्यात एक ओळ लिहिलेली नव्हती. फ्रीडने रेडिओवर गाणं वाजवावं म्हणून त्याला वाटा. पूर्ण हक्क चककडे परत यायला 1986 उजाडलं. पहिल्याच गाण्यात असं झालेला माणूस चेकवर विश्वास ठेवेल? मी नसता ठेवला. एका मोठ्या गावातल्या मंडळाने माझे आणि ढोलकीवाल्याचे पैसे 'पुढच्या वर्षी एकदम' म्हणून ठेवले, त्याला आता एकोणीस गणपती झाले. अर्थात रोखीच्या त्याच सवयीने चक 1979 मध्ये कर चुकवल्याबद्दल चार महिने आत गेला. त्याच वर्षी जूनमध्ये तो अध्यक्ष कार्टरसमोर व्हाइट हाउसमध्ये वाजवूनही आला होता.

त्याच्या मागे उभं राहणं कसं असायचं, हे अमेरिकन रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनने सांगितलंय. 1973, मेरीलँड विद्यापीठ. स्प्रिंगस्टीन तेव्हा कुणीच नव्हता. पहिली रेकॉर्ड नुकती आलेली. चकच्या मागे फुकट वाजवू, असं त्यांनीच कबूल केलं होतं. कार्यक्रमाला पाच मिनिटं उरली तरी चकचा पत्ता नाही. मग मागचं दार उघडलं, हा पेटी घेऊन आत, आयोजकाच्या खोलीत, पैसे खिशात, बाहेर. पोरं धावत गेली: "चक, कुठली गाणी वाजवायची?" उत्तर आलं, चक बेरीची गाणी वाजवायची. बस. पट्टी सांगितली नाही, क्रम सांगितला नाही. सुरू झाल्यावर पोरं एकमेकांच्या तोंडाकडे बघत पट्टी शोधतायत. वर शेवटी हा ओरडला की पैसे घेतलेत तर वाजवा जोरात, आणि त्यांना तर दमडी मिळणार नव्हती.

तुला हे ऐकून राग येईल. मला हसू येतं, कारण हे मी भोगलंय. सांगलीजवळच्या एका कार्यक्रमात मुंबईहून एक नावाजलेले गायक आले. आम्ही स्थानिक बँड. गाडी थेट स्टेजमागे, गायक खाली उतरले, शाल झटकली. मी विचारलं, "सर, पट्टी?" म्हणाले, "गातो तशी धरा." आणि माईककडे निघाले. पहिल्या आलापाला कीबोर्डवाल्याने तीन स्वर चाचपले, चौथा लागला. पण त्यांच्या गाण्यांना मधले चार-चार तुकडे, व्हायोलिनच्या जागा, दोन ठिकाणी ताल बदलायचा. आमची जी काही फजिती झाली ती त्या गावात अजून सांगतात. चकच्या मागेही पोरांची फजिती व्हायची, पण गाणं कोसळायचं नाही. चार-चार मात्रांच्या बारा आवर्तनांचा साचा, तीन कॉर्ड, आणि प्रत्येक गावातल्या प्रत्येक विशीतल्या पोराला ती गाणी आधीच पाठ. त्याच्या सूचना दोनच असायच्या म्हणतात: माझ्या पायाकडे बघा, पाय आपटला की थांबा. जगभर न भेटलेले शेकडो बँड त्याच्या मागे तालीम न करता उभे राहू शकले, ते कशाच्या जोरावर, याचा विचार कर. गाणं आडवं-तिडवं हाताळलं तरी मोडू नये असं लिहिणं फार कठीण आहे. मी प्रयत्न केलाय. माझी गाणी तालमीतसुद्धा मोडायची.

अर्थात याची किंमतही होती, आणि ती श्रोत्यांनी मोजली. 1970 नंतरच्या त्याच्या जिवंत कार्यक्रमांचं बरंचसं ध्वनिमुद्रण ऐकवत नाही. गिटार बेसूर, बँड चाचपडतोय, गाणी अर्ध्यात टाकलेली. तू जर तेच काही व्हिडिओ बघून आला असशील तर तुझी तक्रार रास्त आहे. त्याच्या 1955 ते 1960 आणि मग 1964 च्या रेकॉर्डी, एवढंच घे.

आता कानाला हात लावणारा कीथ. 1961 मध्ये डार्टफोर्ड स्टेशनवर त्याची आणि मिक जॅगरची पुन्हा ओळख झाली ती जॅगरच्या काखेत चक बेरीची रेकॉर्ड दिसली म्हणून. रोलिंग स्टोन्सची पहिली रेकॉर्ड, जून 1963, चकचंच गाणं. गंमत म्हणजे चक तेव्हा तुरुंगात होता. ऑक्टोबरमध्ये सुटला तेव्हा इंग्लंडमधली पोरं त्याची गाणी वाजवत निघालेली होती.

1986 मध्ये चक साठ वर्षांचा झाला. कीथने ठरवलं की या माणसाला आयुष्यात एकदा तरी नीट बँड द्यायचा. त्याने जॉनी जॉन्सनला बसवरून उतरवून पियानोवर बसवलं, तालमी लावल्या, आणि 16 ऑक्टोबरला सेंट लुईसच्या फॉक्स थिएटरात कार्यक्रम केला. टेलर हॅकफोर्डने त्यावर 'हेल! हेल! रॉक अँड रोल' हा चित्रपट काढला. त्यातला 'कॅरल'च्या तालमीचा भाग तू बघच. कीथ सुरुवातीची तार ओढतो, चक थांबवतो. तसं नाही. पुन्हा. पुन्हा थांबवतो. करायचं तर नीट करू, म्हणतो. कीथ तेव्हा बेचाळीस वर्षांचा, जगातल्या सगळ्यात मोठ्या बँडचा गिटारवाला, कॅमेरा चालू. त्याचा जबडा बघ. गिळतो, मान खाली घालतो, परत वाजवतो. आपल्याकडे शागीर्द असे दिसतात, साहेब असे क्वचित दिसतात. याच चकने पूर्वी एकदा, त्याच्या गिटारला हात लावला म्हणून, कीथच्या डोळ्यावर ठोसा मारला होता.

मला त्या भांडणात दोघांचंही पटतं. चक बरोबर होता, तार ओढायची वेळ कीथची चुकत होती, कानाने ऐकलं तर कळतं. आणि कीथही बरोबर होता, कारण एरवी स्वतः चक ती जागा वर्षानुवर्षं कशीही वाजवत होता.

फॉक्स थिएटरचं एक सांगायचं राहिलं. लहानपणी चक वडिलांबरोबर तिथे सिनेमा बघायला गेला होता. काळे म्हणून तिकीट दिलं नाही, दोघं परत फिरले. साठीच्या कार्यक्रमात तो त्याच थिएटरच्या स्टेजवर लाल कॅडिलॅकमधून आला. ती गाडी आता वॉशिंग्टनच्या आफ्रिकन अमेरिकन संग्रहालयात ठेवलीय.

माणूस म्हणून त्याची आरती मी करणार नाही. ज्या तुरुंगात ते नकाशाचं गाणं लिहिलं, तिथे तो चौदा वर्षांच्या मुलीला राज्याच्या हद्दीपार आणल्याच्या गुन्ह्यासाठी होता. पहिल्या खटल्यातल्या न्यायाधीशाने वर्णद्वेषी शेरे मारले म्हणून तो निकाल रद्द झाला, खटला पुन्हा चालला, आणि दुसऱ्यांदाही तो दोषी ठरला. 1990 मध्ये त्याच्या रेस्तराँच्या स्त्रियांच्या स्वच्छतागृहात छुपे कॅमेरे असल्याचा दावा अनेकींनी लावला, तो पैसे देऊन मिटवला गेला. मास्टरांना मी एकदा विचारलं, हे सगळं कळल्यावर गाणं तसंच वाजतं का? ते म्हणाले, "मी जॉन्सनचा भाग वाजवतो." मलाही तेवढंच उत्तर सुचतं.

शेवटच्या वर्षांत मात्र त्याने बँड धरला. सेंट लुईसमधल्या ब्लूबेरी हिल या रेस्तराँच्या तळघरात 1996 पासून दर महिन्याला एक बुधवार, 209 कार्यक्रम, 2014 पर्यंत. मुलगा गिटारवर, मुलगी माउथ ऑर्गनवर. 2017 च्या मार्चमध्ये तो नव्वदाव्या वर्षी गेला.

आता तू काय करायचं ते. एक महिना सुरुवातीची सुरावट वाजवू नकोस, बोटं शिवशिवली तरी. काळी पाचला फक्त मागची चाल, करंगळी दहाव्या फ्रेटवर पूर्ण पोचली पाहिजे. हात भरून आला की थांब, दुखण्यावर दुखणं चढवू नकोस, माझं मनगट त्याच नादात सहा आठवडे बांधून होतं. ते जमलं की तीच बोटं तशीच एक तार अलीकडे आण, पाचव्या तारेच्या सहाव्या फ्रेटवर, म्हणजे काळी दोन झाली. 'रोल ओव्हर बेथोवन' तिथे आहे. मग दोन ओळी गा, कितीही वाईट गा, आणि ओळ संपल्यावर जागा भर. आणि मेट्रोनोम लावू नकोस. ओळखीत कुणी ढोलकीवाला असेल तर त्याला खेमट्याच्या अंगाने झुलता ठेका धरायला सांग आणि तू सरळ आठ वाजव. पहिले तीन-चार दिवस तुमचं भांडण होईल. होऊ दे.